बंद गाडीची साक्ष

जुनी गाडी एकदाची चालू झाली की तपास तिथेच थांबतो. बॉनेट खाली येतं, मिस्त्री हात पुसतो, मालकाच्या जिवात जीव येतो आणि सगळ्यांत शेवटी जे केलं होतं तेच दुखण्याचं कारण ठरतं. पॉइंट घासल्यावर उठली, म्हणजे पॉइंट खराब होते. प्लग बदलल्यावर उठली, म्हणजे प्लग गेला होता. वीस मिनिटं उभी राहिल्यावर उठली, म्हणजे तापली होती. हा निष्कर्ष इतक्या सहजपणे काढला जातो की त्यात तपासण्याजोगं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. माझं म्हणणं असं आहे की गाडी चालू होणं हा निदानाचा पुरावा नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत तर ते निदानाच्या आड येतं. कारण काही गोष्टी फक्त बंद पडलेली गाडीच सांगू शकते, आणि ती सुरू होताच त्या गोष्टी हातच्या निसटतात. ज्या क्षणी सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं, त्याच क्षणी पुरावा नाहीसा झालेला असतो.

हे पडताळून पाहायला मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीइतकं चांगलं उदाहरण मला दिसत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. १९६४ पासून ती ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’ या रूपात निघू लागली, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रीब्युटर, एक कॉइल. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्याआधीची कित्येक दशकं ही गाडी फूटपाथच्या कडेला उघडली गेली आणि तिथेच दुरुस्त झाली. तिच्यात संगणक नव्हता, सेन्सर नव्हते. बॉनेट उचललं की जे काही होतं ते हाताच्या अंतरावर होतं. मी ती निवडली ती याच कारणासाठी. सगळं डोळ्यांसमोर असतानाही निदान चुकत असेल, तर चूक यंत्राच्या गुंतागुंतीत शोधण्यात अर्थ नाही. ती आपल्या विचाराच्या क्रमात शोधायला हवी.

आधी ठिणगी कशी पडते ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट प्लगच्या फटीतून उडी मारू शकत नाहीत. त्याला हजारो व्होल्ट लागतात. बाराचे हजारो करण्याची ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास मोटारीत व्यवहारात आणली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकला बसलेला विजेचा सेल्फही त्याचाच. पद्मिनीत मूळ तत्त्व तेच. कॉइलच्या पोटात दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची, दुसरी बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असताना जाड गुंडाळीतून तीन-चार अँपिअर वाहतात आणि लोखंडी गाभ्यात चुंबकत्व साठतं. डिस्ट्रीब्युटरमधला कॅम फिरून पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकत्व एका झटक्यात कोसळतं आणि बारीक गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उभा राहतो. ठिणगी पडते ती प्रवाह तुटण्यातून. तो जितका स्वच्छ तुटेल तितकी ठिणगी जोरकस. ही स्वच्छता राखण्याचं काम कंडेन्सरचं असतं. तो नसेल तर वीज उघडणाऱ्या पॉइंटमध्येच जळत राहते आणि प्लगपर्यंत पोहोचायला दम उरत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सगळं सेकंदाला शंभर वेळा घडतं. मग रोटर ती वीज एक-तीन-चार-दोन या क्रमाने चार प्लगना वाटतो. या साखळीतली कुठलीही कडी अशक्त झाली, मग ती बॅटरी असो, चावीचा स्विच असो, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, वायर किंवा प्लग असो, शेवटी दिसणारा परिणाम एकच असतो: ठिणगी दुबळी. एका परिणामाची इतकी कारणं संभवत असताना, परिणाम नाहीसा झाला एवढ्यावरून त्यातलं कुठलं कारण होतं हे कसं ठरवणार?

गॅरेजमधली सर्वांत प्रचलित परीक्षा घेऊ. प्लग काढायचा, वायरला लावून इंजिनच्या अंगाला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि ठिणगी दिसली की म्हणायचं, करंट येतोय, दोष कार्ब्युरेटरमध्ये आहे. या परीक्षेतून हा निष्कर्ष निघत नाही. उघड्या हवेत प्लगच्या अर्ध्यापाऊण मिलिमीटरच्या फटीतून उडी मारायला जितके व्होल्ट लागतात, त्याच्या कितीतरी पट ते सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या मिश्रणातून उडी मारायला लागतात. बाहेर उजळ दिसणारी ठिणगी आत उमटतच नसेल, हे अगदी शक्य आहे. म्हणून जाणता माणूस प्लगवर विसंबत नाही. तो वायरचं टोक कोरड्या, रोधक पकडीत धरून, पेट्रोलपासून दूर, धातूपासून सहा-सात मिलिमीटरवर ठेवतो आणि एवढं अंतर ठिणगी निळी, जाड, टकटक आवाज करत ओलांडते का ते पाहतो. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी असेल तर कार्ब्युरेटरला हात लावायची वेळ अजून आलेली नाही. कार्ब्युरेटरची म्हणून आलेली तक्रार शेवटी इग्निशनमध्ये निघते, असं जुने मिस्त्री म्हणत आले आहेत, आणि ते असं का म्हणतात हे या एका गोष्टीवरून कळतं.

सेल्फच्या बाबतीत हीच फसगत वेगळ्या रूपात होते. चावी फिरवली, नुसतं ‘टिक’ झालं. पण हेडलाइट लागतो आणि हॉर्न वाजतो, तेव्हा बॅटरी चांगली आणि सेल्फ गेला, असं ठरतं. हेडलाइट काही अँपिअरवर चालतो. सेल्फ शे-दीडशे अँपिअर ओढतो. दीडशे अँपिअरच्या वाटेत एका गंजलेल्या टर्मिनलने ओहमचा शंभरावा हिस्सा जरी अडथळा केला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि त्याच टर्मिनलमधून हेडलाइटला काहीही जाणवत नाही. विसावलेली बॅटरी मीटरवर १२.६ दाखवेल आणि सेल्फ मारताच आठवर कोसळेल. म्हणून मोजायचं ते ओझ्याखाली मोजायचं: मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, दुसरं तिला धरलेल्या टर्मिनलवर ठेवून, कुणाला तरी चावी फिरवायला लावून. मीटर नसेल तर दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे, जोडणी सैल आहे किंवा सेल्फ अडकून जास्त प्रवाह ओढतो आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि सेल्फ गप्प, तर प्रवाह तिथवर जातच नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी लागते. ती तुटली किंवा तिच्याखाली गंज धरला की परतीचा प्रवाह मिळेल ती वाट धरतो. सेल्फ मारताना चोकची केबल तापते, कधी तिच्यातून धूर निघतो. चोकच्या केबलचा आणि सेल्फचा काय संबंध, असं वाटणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. तो सेल्फ उतरवून कारागिराकडे देईल. तिथे टेबलावर, जाड वायरने थेट बॅटरी लावून, सेल्फ जोरात फिरेल. तरी बुश आणि कार्बन बदलले जातील. परत बसवताना हलवाहलवीत अर्थची पट्टी चार दिवस नीट टेकेल आणि गाडी उठेल. सेल्फ दुरुस्त झाला, अशी सगळ्यांची खात्री होईल.

ही चार दिवसांची दुरुस्ती जुन्या गाडीत वारंवार भेटते, आणि तिचं सर्वांत शुद्ध रूप म्हणजे पॉइंटवर फिरवलेला पॉलिश पेपर. गाडी उठत नाही, डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट घासले, गाडी उठली. घासल्याने पॉइंटवरचा थर गेला आणि प्रवाह पुन्हा वाहू लागला, एवढं खरं. पण तो थर काय होता? निळसर, जळका होता की तेलकट काळा? तेलकट असेल तर कॅमला लावलेलं ग्रीस जास्त झालं आहे किंवा शाफ्टच्या बाजूने तेल वर चढतं आहे. जळका असेल तर कंडेन्सर संशयित. एका पॉइंटवर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल तर धातू एका बाजूकडून दुसरीकडे गेला आहे, म्हणजे कंडेन्सरची क्षमता या कॉइलशी जुळत नाही. पॉइंटचा तो इवलासा पृष्ठभाग मागच्या हजारो किलोमीटरचा लेखी हिशेब असतो, आणि वाचण्याआधीच तो खरवडला जातो. शिवाय घासताना फट बदलते. ती ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास हवी. वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, कमी झाली तर मागे पडतं. म्हणजे एक दोष न ओळखता झाकला आणि दुसरा नव्याने घातला.

याहून अवघड प्रकरण तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचं. मे महिन्यातला खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट, चढ संपत आलेला, इंजिन दोनदा चुकतं आणि गप्प होतं. प्रत्येकाकडे स्पष्टीकरण तयार असतं: पेट्रोलची वाफ झाली. पेट्रोलच्या एसी पंपावर ओलं फडकं ठेवतात, पंधरावीस मिनिटं थांबतात, गाडी उठते, स्पष्टीकरण खरं ठरतं. वाफेचा अडथळा ही कल्पित गोष्ट नाही. तापलेल्या नळीत आणि पंपात पेट्रोल उकळतं आणि पंप द्रवाऐवजी वाफ ढकलत बसतो. पण अगदी हेच लक्षण, याच ठिकाणी, एवढ्याच वेळाने, मरू घातलेली कॉइलही दाखवते. तिच्या आतलं रोधक आवरण जुनं झालेलं असतं किंवा बारीक तारेत कुठेतरी सूक्ष्म भेग असते. तापून तार फुगली की जोड सुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. कंडेन्सरही असाच तापून दगा देतो. आता त्या पंधरावीस मिनिटांत काय झालं ते पाहा. फडक्याने पंप थंड झाला. पण त्याच वेळात, कुणी हात न लावता, कॉइलही थंड झाली, कंडेन्सरही थंड झाला. एकच उपाय तिन्ही कारणांना लागू पडला, म्हणून त्याच्या यशाने तिघांतलं एकही सिद्ध होत नाही. पुढे गॅरेजमध्ये मिस्त्री शहाणपणाने कॉइल मीटरवर तपासतो. थंड कॉइलच्या जाड गुंडाळीत तीनेक ओहम येतात, जितके यायला हवेत तितकेच. कॉइल निर्दोष सुटते. दोष नसलेल्या वेळी घेतलेल्या साक्षीवर तिची सुटका झालेली असते.

उत्तर फक्त बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत मिळतं. फडकं ओलं करण्याआधी कॉइलची मुख्य वायर धातूजवळ धरून सेल्फ मारायचा: ठिणगी आहे की नाही? एक प्लग काढून पाहायचा: ओला आहे की कोरडा? ठिणगी दमदार आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल पोहोचत नाही. वाफ असेल, पंप असेल, नळीत कचरा असेल. प्लग ओला आणि ठिणगी नाही, तर पंपावर फडकं ठेवणं व्यर्थ आहे. दोन प्रश्नांनी शोधाचं क्षेत्र निम्म्याने कमी होतं, आणि थांबून राहिलात तर हे दोन्ही प्रश्न विचारताच येत नाहीत. ज्या गाड्यांत कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असतो त्यांच्यात तर गाडी स्वतःहून बोलते: सेल्फ मारत असताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच विझतं. सेल्फच्या वेळी कॉइलला थेट बॅटरीतून वीज मिळते, चावी सोडल्यावर रेझिस्टरमधून. म्हणून दोष रेझिस्टरमध्ये किंवा चावीच्या स्विचच्या त्या वाटेत. हे लक्षण क्षणभराचं असतं. ‘पकडते आणि सोडते’ एवढंच मालकाने सांगितलं, केव्हा सोडते ते सांगितलं नाही, तर ते वाया जातं.

पावसाळ्याकडे यायला हवं, कारण मुंबईत जूनमध्ये बंद पडलेल्या गाडीचा दोष पावसाला देऊन टाकणं हे अगदी अंगवळणी पडलेलं आहे. डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढून आतून पुसलं, वायरी पुसल्या, गाडी उठली; ओल गेली होती. ओल होती यात शंका नाही. पण त्या सकाळी त्याच रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली ओल होती आणि बंद पडल्या त्या मोजक्याच. मग हीच का? झाकण उजेडात तिरकं धरून पाहिलं तर बहुधा उत्तर दिसतं: आतल्या बाजूला एका खुंटीपासून दुसरीपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. कधीतरी पडलेल्या सूक्ष्म भेगेतून वीज पळाली आणि तिने स्वतःच्या वाटेवर कार्बन पेरला. ती रेघ आता कायमची वाट आहे. हवा कोरडी असताना वीज प्लगकडे जाते, दमट झाली की या सोप्या वाटेने निघून जाते. पाऊस निमित्त झाला, कारण झाकणात आहे. फडक्याने पुसणाऱ्याला ती रेघ दिसत नाही असं नाही, पण गाडी उठली म्हणून तो पुन्हा पाहत नाही. वायरींचंही तसंच. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं तर फुटलेल्या वायरीवरून निळी वीज सरपटताना डोळ्यांना दिसते. यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही, फक्त अंधार लागतो आणि पाहण्याची इच्छा लागते.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो हलका नाही. टॅक्सीवाल्याला कारण नको असतं, भाडं हवं असतं. पाठीमागे गाड्यांची रांग, मागच्या सीटवर स्टेशन गाठायची घाई असलेला प्रवासी. अशा वेळी त्याने कारणमीमांसा करत बसावं असं म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. रस्त्यावरचा उपाय हा उपाय म्हणून योग्यच आहे. पण मी मागतो आहे तो जास्तीचा वेळ नाही, फक्त क्रम आहे. प्लग पुसण्याआधी तो ओला की कोरडा हे पाहायला काहीच वेळ लागत नाही. तो हातातच असतो. पॉइंट घासण्याआधी त्यांच्याकडे नजर टाकायला घासण्यापेक्षा कमी वेळ लागतो. आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याचंच नुकसान चार-चार दिवसांच्या दुरुस्त्यांनी सर्वांत जास्त होतं: प्रत्येक वेळी मजुरी, प्रत्येक वेळी बुडालेला दिवस. कारण शोधणं ही चैन आहे असं मानलं की ती चैन फक्त हौशी मालकांच्या विंटेज गाड्यांच्या वाट्याला येते, आणि रोज बारा तास धावणाऱ्या गाडीला मिळतो तो पॉलिश पेपर. मला ही वाटणी अन्यायाची वाटते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. तीस वर्षं एकाच गाडीवर हात चालवलेल्या मिस्त्रीला आवाजावरूनच कळतं, त्याला परीक्षांची गरज काय? अशा कानांविषयी मला मनापासून आदर आहे. मिसिंग करणाऱ्या इंजिनच्या लयीवरून कुठला सिलिंडर मेला हे ओळखणारी माणसं आहेत, आणि ते ज्ञान पुस्तकात नाही. पण ते ज्ञान नेमकं कशाचं आहे? जूनमध्ये बहुतेक वेळा झाकण असतं, मेमध्ये बहुतेक वेळा पेट्रोल, असं ते वारंवारतेचं ज्ञान आहे. आधी कुठे पाहावं हे ते उत्तम सांगतं. समोरच्या गाडीत काय झालं आहे हे ते सांगू शकत नाही. शिवाय त्या अनुभवाच्या जमाखर्चात एक मोठं छिद्र आहे. जी गाडी परत आली नाही ती बरी झाली, असं मिस्त्री धरून चालतो. प्रत्यक्षात ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नाक्यावर बंद पडून दुसऱ्याच मिस्त्रीकडे गेलेली असू शकते. अपयश कळण्याची सोयच नसेल तर तीस वर्षांचा अनुभव आत्मविश्वास वाढवतो, अचूकता वाढवेलच असं नाही. कसलेल्या माणसाचा अंदाज आणि दोन मिनिटांची परीक्षा यांत विरोध नाही. अंदाज चांगला असेल तर पहिल्याच परीक्षेत खरा ठरेल.

सगळंच बदलून टाका, सुटे भाग स्वस्त आहेत, असंही म्हणतात. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, झाकण, रोटर एका फटक्यात नवे. पण उत्पादन थांबून दोन दशकं उलटलेल्या गाडीसाठी जो नवा भाग मिळतो तो नवा म्हणजे चांगला, असं धरता येत नाही. नवा कंडेन्सर डब्यातूनच दुबळा निघू शकतो. पाच भाग एकाच वेळी बदलले आणि गाडी उठली तर कुठल्याने उठली हे कळत नाही, आणि उठली नाही तर जुना दोष राहिला की नवा आला हेही कळत नाही. त्यात डिस्ट्रीब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला असेल तर पॉइंट कितीही नवे असोत, शाफ्ट डुलतो आणि कॅमच्या चार उंचवट्यांवर फट वेगवेगळी येते. चारही जागी फीलर गेज घालून पाहणाऱ्याला हे कळतं. भाग बदलणाऱ्याला ते दर काही महिन्यांनी नव्याने भेटतं.

खरा गंभीर आक्षेप मात्र आपल्याच परंपरेतून येतो. उपायाने आलेल्या गुणावरून रोग ओळखणं हे आयुर्वेदाने निदानाच्या पाच साधनांत धरलं आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, अशी ती पाच. त्यांतला उपशय म्हणजे कशाने बरं वाटतं यावरून केलेली पारख. मग ओल्या फडक्याने गाडी बरी झाली यावरून वाफ ओळखणाऱ्याचं काय चुकलं? मला वाटतं, उत्तर त्याच शास्त्रात आहे. ज्याची लक्षणं दडलेली आहेत अशा रोगासाठी चरकसंहिता ही पारख सांगते, आणि नुसत्या उपशयाने नव्हे तर उपशय आणि अनुपशय या दोहोंनी सांगते: कशाने उतरतं आणि कशाने वाढतं, दोन्ही. आपल्या गॅरेजांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडला. दुसरा अर्धा भाग म्हणजे दोष परत आणून दाखवणं. कॉइलवर संशय आहे? मग थंड इंजिनवर, गाडी चालू ठेवून, फक्त कॉइल हेअर ड्रायरने तापवा. पंप थंड, नळी थंड, आणि तरी इंजिन गुदमरलं, तर वाफेचा प्रश्न निकालात निघाला. कंडेन्सर बदलल्याने उठली? मग जुना कंडेन्सर परत लावा. पुन्हा बंद पडली तर कंडेन्सर दोषी. चालूच राहिली तर तुमच्या हातून नकळत एखादी सैल वायर घट्ट झाली होती आणि श्रेय कंडेन्सरला मिळालं. बरी झालेली गाडी पुन्हा आजारी करायची हे मालकाला पटवणं कठीण असतं, मी जाणतो. पण काढलेला भाग फेकून न देता, कधी आणि का काढला ते कागदावर लिहून डिकीत ठेवला, तर ही परीक्षा पुढच्या रविवारी सवडीनेही होऊ शकते. दोष घालवता आला आणि आणताही आला, तेव्हाच तो ओळखला असं म्हणता येतं.

हा दुसरा अर्धा भाग सोडल्यामुळेच प्रत्येक काळाला आपला एक आवडता गुन्हेगार मिळतो. एके काळी पेट्रोलमधल्या रॉकेलच्या भेसळीवर सगळं ढकललं जाई. २००० नंतर मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या तेव्हा गॅस किटची पाळी आली. गाडी पेट्रोलवर नीट चालते, गॅसवर मिसिंग करते, मग दोष किटचाच, हे किती बिनतोड वाटतं. पण गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. जी म्हातारी कॉइल आणि झिजलेले प्लग पेट्रोलवर कसेबसे निभावत होते, ते गॅसवर उघडे पडले. किटने दोष निर्माण केला नव्हता, दाखवला होता. आता इथेनॉलचं आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्राम खराब होऊ शकतात, टाकीतला जुना गाळ सुटून जेटमध्ये अडकू शकतो, पाणी शोषलं जातं; या तक्रारी खऱ्या आहेत आणि कार्ब्युरेटरच्या गाडीच्या मालकाने पाइप बदलून घ्यावेत हे बरं. पण गाडी उठली नाही की प्लग न काढताच इंधनाला दोष देणं म्हणजे खऱ्या तक्रारीचाही कस घालवणं होय. प्लग पेट्रोलने ओला असेल आणि ठिणगी नसेल, तर त्या सकाळी इथेनॉल निर्दोष आहे.

शेवटचा आक्षेप असा की पॉइंट आणि कंडेन्सर इतिहासजमा झाले. आजच्या गाडीला स्कॅनर लावला की दोष पडद्यावर येतो. पडद्यावर कोड येतो. पी ०३०१ याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर नोंदला गेला, एवढाच. का, ते त्यात नाही. लक्षण कुठे दिसलं हे संगणकाने सांगितलं आणि ते ऐकून पहिल्या सिलिंडरची कॉइल बदलली जाते, जशी पूर्वी पॉइंट घासले जात. आता कॉइल प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र असते आणि तिची किंमत पद्मिनीच्या पॉइंटसारखी किरकोळ राहिलेली नाही, म्हणून चूक अधिक महाग पडते. पद्मिनीवर शिकलेला मिस्त्री इथे गोंधळत नाही. तो कोड पुसण्याआधी टिपून घेतो, नवी कॉइल मागवण्याआधी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो, गाडी फिरवून आणतो आणि पुन्हा स्कॅनर लावतो. कोड ०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर दुसरीकडे गेला, कॉइल बदलावी. कोड ०३०१ वरच राहिला तर कॉइल परत जागेवर ठेवायची आणि प्लग, इंजेक्टर, कंप्रेशन या क्रमाने पुढे जायचं.